कोल्ड एअर इनटेक: तयार किट घ्यावं की वागळे इस्टेटमध्ये बनवून घ्यावं?

प्रश्न खारघरहून आलाय. गाडी २०१६ ची स्विफ्ट पेट्रोल, रोजचं जाणं-येणं महापेला, महिन्यातून एखादा रविवार लोणावळा. पिकअप वाढावा म्हणून कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा देणारी नळी आणि फिल्टर, बसवायचा आहे. तयार किटचा भाव बसवण्यासकट बावीस हजार सांगितलाय. ठाण्यातला मित्र म्हणतो, तिथल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅल्युमिनियमची नळी वाकवून, पुढे शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर लावून सहा हजारांत काम होतं. घ्यावं की बनवावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. फिल्टर विकत घ्या, कारण तो वागळेत काय, कुठल्याच गाळ्यात हाताने बनत नाही. हवा जिथून येते तो डबा आणि रस्ता मात्र बनवून घ्या, कारण तुमच्या गाडीच्या आणि आपल्याकडच्या पावसाच्या मापाचा तो कुठल्याच किटमध्ये मिळत नाही. राहिली ती चकचकीत नळी. दोन्हीकडे सगळ्यात जास्त पैसे तिचेच मागतात आणि सगळ्यात कमी उपयोग तिचाच होतो. पण या सगळ्याआधी एक मोजमाप करा. ते केल्यावर बऱ्याच जणांना पुढे काही करावंसंच वाटत नाही.

कंपनीने काय दिलंय ते आधी बघू. बॉनेट उघडलंत की फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा दिसेल. त्यातून एक सोंडेसारखी नळी पुढे जाते आणि रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ, जाळीच्या मागे किंवा मडगार्डच्या आत उघडते. म्हणजे इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा घेतच नाही, बाहेरचीच घेते. कोल्ड एअर इनटेक म्हणून जे विकलं जातं ते तुमच्या गाडीत पहिल्या दिवसापासून बसलेलं आहे, फक्त त्याला क्रोम नाही. सोंडेच्या वाटेवर बाजूला एखादा बंद डबाही चिकटवलेला असतो. तो रेझोनेटर. ठरावीक आरपीएमला होणारा घुमणारा आवाज मारणं एवढंच त्याचं काम. किट बसवल्यावर हा डबा जातो, इंजिन हवा ओढतानाचा घोगरा आवाज केबिनमध्ये येतो, आणि गाडी 'खुलली' असं वाटायला लागतं. आवाज आवडत असेल तर त्यासाठी पैसे घालण्यात गैर काही नाही, फक्त आपण आवाज विकत घेतोय हे ठाऊक असावं.

आता थोडं गणित, कारण नळीची जाडी हा या धंद्यातला सगळ्यात मोठा बोलघेवडेपणा आहे. तुमचं इंजिन ११९७ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात. ६००० आरपीएमला सिलिंडर शंभर टक्के भरले तर मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा लागेल. प्रत्यक्षात ते पंच्याऐंशी-नव्वद टक्के भरतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ लिटर. ही हवा आतून ६० मिलिमीटरच्या नळीतून गेली तर तिचा वेग सेकंदाला १९ मीटरच्या आसपास येतो. ७६ मिलिमीटरची, म्हणजे बाजारात तीन इंची म्हणतात ती नळी लावली तर तो १२ मीटरवर उतरतो. एवढ्या वेगासाठी लागणारा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर पहिल्या नळीत जेमतेम दोन सेंटिमीटर, दुसरीत एका सेंटिमीटरपेक्षा कमी. हवेचा आपल्यावरचा दाब पाण्याच्या दहा मीटर स्तंभाइतका असतो. म्हणजे नळी जाड करून वाचलं काय, तर हजारातला एक हिस्सा. वाकणांमुळे थोडं इकडेतिकडे होईल, पण एवढी महाग नळी घ्यावी असं त्यात काही निघत नाही. उलट मूळ नळीची लांबी आणि जाडी कमी आरपीएमला सिलिंडर नीट भरावेत म्हणून जुळवलेली असते. आखूड आणि जाड नळीने वरच्या आरपीएमला थोडं मिळालं तरी खाली थोडं जाऊ शकतं, आणि खारघर ते महापे तुम्ही १५०० ते ३००० मध्येच चालवता.

तापमानाचा मुद्दा मात्र खरा आहे. हवा दहा अंशांनी गार झाली की साधारण तीन टक्के दाट होते, आणि दाट हवेत प्राणवायू जास्त. म्हणून कोल्ड एअर इनटेक हे नाव खोटं नाही, तो चुकीच्या जागी बसवला की खोटं ठरतं. सहा हजारांत जे काम होतं म्हणतात त्यात मूळ डबा आणि सोंड दोन्ही काढून इंजिनाशेजारी उघडा कोन फिल्टर लावतात. शिळफाट्याच्या किंवा ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी वीस मिनिटं रांगली की बॉनेटखाली ६० अंशांच्या वर तापमान सहज जातं. एसटीत इंजिनाच्या झाकणाला टेकून बसायचं आणि वारा लागत नाही म्हणायचं, तशातली गत. बाहेर ३३ अंश आणि फिल्टरजवळ ६३ असेल तर इंजिनाला नऊ टक्के पातळ हवा मिळते. मूळ डब्यातून हीच हवा बाहेरच्यापेक्षा थोडीच जास्त गरम असते, आणि गाडीने वेग घेतला की तीही लवकर उतरते.

हे माझ्या शब्दावर मानू नका, मोजा. गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचं ब्लूटूथ यंत्र हजाराच्या आत मिळतं. मोबाइलवर इनटेक एअर टेंपरेचर हा आकडा लावून ठेवा आणि आठवडाभर येता-जाता बघा. मोकळ्या रस्त्यावर, समजा पाम बीच रोडवर, तो बाहेरच्या तापमानापेक्षा पाच ते दहा अंशांनीच वर असेल तर इनटेक बदलून गार करण्यासारखं फारसं काही शिल्लक नाही. सतत वीस-पंचवीस अंश वर राहत असेल तर कुठेतरी गडबड आहे, आणि ती बहुतेक वेळा फुकटात निघते. सोंड डब्यापासून निसटलेली असते, पूर्वी कधी अपघाताच्या कामात पुढची प्लास्टिकची पट्टी बसवायची राहिलेली असते, किंवा डब्याची क्लिप तुटलेली असते. एक सावधगिरी. काही गाड्यांत हा सेन्सर फिल्टरजवळ असतो, काहींत इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर. मॅनिफोल्डवरचा सेन्सर इंजिनाच्या धातूची उष्णताही थोडी दाखवतो, म्हणून आकडा बघताना गाडी चालती असावी, उभी नव्हे.

दुसरं मोजमाप अडथळ्याचं, आणि ते मला जास्त आवडतं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरवाल्याकडून चार मीटर आणा. तिचा इंग्रजी यू आकार करून मीटरभर उंचीच्या फळीवर तारेने बांधा, मध्ये मोजपट्टी चिकटवा. दोन्ही बाजूंना मिळून फूट-सव्वा फूटच पाणी भरा, त्यात चिमूटभर हळद टाका म्हणजे रेघ दिसते. एक टोक हवेत मोकळं. दुसरं टोक फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, अलीकडे नळीत सोडायचं. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत आत सोडणारी, बारीक नळी जिथे मिळते ती जागा यासाठी सोयीची, तिथे टी लावून काम होतं. फळी मागच्या सीटवर दुसऱ्याच्या हातात, सरळ उभी. पाणी कमी आणि फळी उंच ठेवायचं कारण सरळ आहे: जास्त भरलंत तर इंजिन ते ओढून घेईल.

कळंबोलीहून एक्स्प्रेस-वेला लागताना वेग घ्यावाच लागतो. तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ५५०० च्या पुढे न्या आणि मागच्याला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायला सांगा. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबातला एक टक्का गेला. मग फिल्टर काढून, फक्त या एका फेरीपुरतं, झाकण लावून परत तेच करा. रस्त्यावर धूळ असेल तर ही दुसरी फेरी सोडून द्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टरचा वाटा, उरलेला नळी आणि सोंडेचा. जुना, धुळीने भरलेला कागदी फिल्टर इथे लगेच पकडला जातो. तो काढून पाच-सहाशे रुपयांचा नवा कंपनीचा फिल्टर टाकला की पाणी खाली येतं, आणि पिकअपची अर्धी तक्रार तिथेच मिटते. नव्या फिल्टरसह एकूण फरक दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत असेल तर इनटेक सगळा उपटून टाकला, सिलिंडरला थेट मोकळी हवा दिली, तरी कमाल फायदा एक-दीड टक्क्याचा. ८३ हॉर्सपॉवरच्या गाडीत तो एक-सव्वा हॉर्सपॉवर होतो. मागच्या सीटवरचा मित्र महापेला उतरला की त्याहून जास्त फरक पडतो.

एवढं करूनही बसवायचंच असेल, आणि बऱ्याच जणांना बसवायचंच असतं, तर आता विकत घेण्याकडे येऊ.

चांगल्या किटमध्ये पैसे कशाचे असतात? फिल्टरच्या माध्यमाचे, त्याच्या रबरी तोंडाच्या सीलचे, आणि एअरफ्लो सेन्सर असेल तर तो जिथे बसतो त्या भागाच्या अचूक मापाचे. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. फिल्टरच्या डब्यानंतरच्या नळीत चार-पाच वायरींचं सॉकेट लावलेलं दिसलं तर तुमच्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे. त्यातली तापलेली तार किंवा पट्टी किती गार होते यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो, आणि हे मोजमाप त्या नळीच्या मूळ व्यासावर बेतलेलं असतं. नळी जाड केलीत की तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो, सेन्सर हवा कमी सांगतो, पेट्रोल कमी पडतं. पेट्रोलला साधारण १४.७ पट वजनाची हवा हे प्रमाण कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरवरून सावरून घेतो, पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, जिथे मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त हवं असतं, तिथे ही सावरासावर बहुतेक गाड्यांत बंद असते. नेमकी तिथेच इंजिन खटखट करायला लागतं. दोनच वायरींचं सॉकेट असेल तर तो नुसता तापमानाचा सेन्सर. मग गाडी मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ओळखते आणि नळीच्या मापाचं एवढं पथ्य राहत नाही. विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा: या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे का, आणि तुमच्या नळीत तो बसतो तिथला आतला व्यास मूळच्याइतका आहे का? उत्तर देताना तो 'सब गाडी में लगता है' म्हणाला तर नमस्कार करून निघा.

फिल्टरमध्ये दोन जाती. घड्यांचा कागदी, आणि तेल लावलेला सुती. सुती फिल्टर धुवून परत वापरता येतो, हवा थोडी मोकळी सोडतो, हे खरं. पण आपल्याकडची धूळ विसरू नका. घोडबंदर रोडवरची मेट्रोची आणि टॉवरांची बांधकामं, उरणकडून येणारे कंटेनर, ठाणे-बेलापूर रोडवरचे डंपर. या धुळीत वाळूचे कण असतात, आणि ते फिल्टरमधून सुटले तर रिंगा आणि सिलिंडर घासतात. हे नुकसान दिसत नाही. लाखभर किलोमीटरनंतर गाडी ऑइल खायला लागते तेव्हा कळतं, आणि तेव्हा कुणालाही फिल्टर आठवत नाही. कागदी फिल्टरची गंमत अशी की थोडी धूळ बसल्यावर तो आणखी बारीक कण पकडायला लागतो. त्यामुळे 'नव्यासारखा' ठेवण्यासाठी दर महिन्याला काँप्रेसरने फुंकून काढण्याची आपल्या गॅरेजांची सवय मला पटत नाही. जोराच्या हवेने कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि फिल्टर स्वच्छ दिसत असतानाच निकामी होतो. सुती फिल्टर घेतलात तर तेल त्याच्या मापानेच लावा. जास्त झालेलं तेल उडून एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि चेक लाइट लागतो.

दुकानात फिल्टर हातात घेतलात की तो मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा आणि आतून बघा. सुती फिल्टरमध्ये उजेड सगळीकडे सारखा मंद झिरपायला हवा. कुठे टाचणीएवढा लख्ख ठिपका दिसला तर ते धुळीचं दार. मग घड्या जिथे रबरात गाडल्या आहेत ती कड अंगठ्याने दाबा, ती सुटता कामा नये. तोंडाचं रबर पिळून सोडा, लगेच मूळ आकारात यायला हवं. सहाशे-सातशे रुपयांना मिळणारे लाल-निळे कोन या परीक्षेत बहुधा तिथेच नापास होतात, आणि नामांकित ब्रँडच्या डब्यात भरलेल्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. मूळ डब्यातच बसणारा चांगल्या कंपनीचा चौकोनी सुती फिल्टर पाच-सात हजारांच्या घरात येतो. पूर्ण किटऐवजी हा घेणारा माणूस माझ्या मते शहाणा. डबा तोच, सोंड तीच, सेन्सर तिथेच, आणि मिळायचा तो बहुतेक फायदा मिळून जातो.

आता बनवण्याबद्दल. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, इथे पत्र्याचं आणि आर्गॉन वेल्डिंगचं काम करणारे हात उत्तम आहेत. पण त्यांना नळी बनवायला सांगू नका, डबा बनवायला सांगा. कल्पना अशी: फिल्टर जिथे बसणार त्याच्याभोवती दीड मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा उभा करायचा. तो इंजिनाच्या बाजूने पूर्ण बंद, वरची कड बॉनेटला टेकणारी, आणि पुढच्या बाजूला मूळ सोंड जशीच्या तशी येऊन मिळणारी. वरच्या कडेला गाडीच्या दाराला असतं तसं यू आकाराचं रबर बसवा. बॉनेट बंद केल्यावर त्यावर बॉनेट दाबून बसलं पाहिजे. खात्री करायची सोपी रीत: रबरावर खडूची रेघ मारा, बॉनेट बंद करून उघडा. बॉनेटच्या आतल्या बाजूला रेघ अखंड उमटली तर डबा झाला. तुटक उमटली तर जिथे तुटली तिथून गरम हवा शिरणार.

पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्याचा साचा स्वतः करा. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चांगला. बॅटरी, फ्यूज बॉक्स, वायपरच्या पाण्याची टाकी, हेडलाइटचं मागचं झाकण, सगळ्यांना वळसा घालत तो गाडीतच कापायचा, टेपने जोडायचा, मग बॉनेट बंद करून बघायचं. बल्ब बदलायला हात जाईल एवढी जागा सोडा, नाहीतर पहिला बल्ब गेला की सगळा डबा उतरवावा लागेल. असा साचा घेऊन गेलात तर कारागीर तुमच्याशी वेगळ्या आदराने बोलतो आणि मजुरीही नीट सांगतो. 'भाऊ, अंदाजे बनवून द्या' म्हणालात तर तो अंदाजेच बनवून देतो.

नळी करावीच लागली, म्हणजे मूळ नळी कोनच्या तोंडाला मिळतच नसेल, तर काही गोष्टी सांभाळा. लोखंडी नळी नको. आपल्या खाडीकाठच्या हवेत ती आतून गंजते, आणि तो गंजाचा पापुद्रा फिल्टरच्या पलीकडे सुटतो, म्हणजे सरळ इंजिनात. प्लंबरची पीव्हीसीही नको. ती ७५-८० अंशांना मऊ पडायला लागते आणि बॉनेटखाली तिची कसोटी रोज लागते. अ‍ॅल्युमिनियम ठीक. ती गरम होते म्हणून लोक घाबरतात, पण चालत्या गाडीत हवा त्या नळीत क्षणभरही थांबत नाही, तापायला तिला वेळ मिळत नाही. वाकण मॅन्ड्रेल बेंडचं, म्हणजे आतून आधार देऊन यंत्रावर वाकवलेलं, तयार आणा, वाळू भरून वाकवलेल्या नळीला आतून सुरकुत्या पडतात. टोकांना गोल उंचवटा काढून घ्या, म्हणजे सिलिकॉन होज घसरत नाही. होज आणि चांगले क्लॅम्प मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हवे त्या मापात मिळतात. वेल्डिंग झाल्यावर नळी आतून घासून, धुवून, वाळवून घ्या. वेल्डिंगचा एक खडा पिस्टनपर्यंत गेला की सहा हजारांचं काम साठ हजारांना पडतं. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून नळी दोन्हीकडे घट्ट बांधायची नाही. मध्ये रबरी होजचा तुकडा हवाच. ब्रीदरची नळी पुन्हा फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूलाच जोडा. बरेच कारागीर ती मोकळी सोडतात किंवा तिच्या टोकाला अंगठ्याएवढा फिल्टर लावून देतात. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत त्याने न मोजलेली हवा आत जाते, आणि सगळ्याच गाड्यांत बॉनेटखाली तेलाचा वास सुटतो.

आता पाऊस. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती, कारण ठाण्या-नवी मुंबईत हा सगळा विषय शेवटी इथे येऊन थांबतो.

परदेशी किटमध्ये बरेचदा लांब नळी खाली बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलॅम्पच्या मागे नेतात, कारण तिथे सगळ्यात गार हवा मिळते. आपल्याकडे जुलैत त्याच जागी सगळ्यात आधी पाणी मिळतं. ठाण्यात वंदना सिनेमाचा परिसर, नवी मुंबईत सायन-पनवेल महामार्गाचे सखल भाग आणि रेल्वेखालचे भुयारी रस्ते, कुठे पाणी तुंबतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी दाबलं जात नाही. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ३०० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो ११ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ३० सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येऊ शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फोडून बाहेर येतो. बंपरमधला कोन पाण्याखाली बुडायला गुडघाभर पाणीही लागत नाही. पुढून येणाऱ्या बेस्टच्या किंवा टीएमटीच्या बसने उडवलेली लाट पुरते.

म्हणून हवेचं तोंड मूळ सोंडेच्या उंचीखाली आणायचं नाही. हा माझा हट्ट समजा. बंपरमधून डब्याकडे एखादा जादा हवेचा होज आणायचाच असेल तर तो फिल्टरच्या तोंडाला जोडू नका, डब्यात नुसता मोकळा सोडा, डब्याच्या तळाला बोटभर भोक ठेवा, आणि होजच्या पुढच्या टोकाला मेच्या अखेरीस लावून टाकायला झाकण ठेवा. आणि इनटेक कोणताही असो, पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. ढकला, टो करा. वर्कशॉपमध्ये प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघतील, पाणी उडून जाईल, आणि कदाचित तेवढ्यावर निभावेल. दुसऱ्यांदा चावी फिरवणारे जास्त बिलं भरतात. पाण्याने इंजिन अडकणं साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा वेगळा हप्ता भरावा लागतो. तो भरलेला असला तरी न कळवलेला इनटेक पाहून सर्व्हेअर प्रश्न विचारणारच.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मूळ डब्यात बसणाऱ्या फिल्टरवरून कुणी अडवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बॉनेट उघडल्या उघडल्या दिसणारा क्रोमचा सापळा मात्र आपणहून लक्ष वेधतो. वॉरंटीतल्या गाडीला तर मी नळीला हातच लावत नाही. काहीही करा, मूळ डबा, सोंड, क्लिपा आणि स्क्रू एका पिशवीत घालून माळ्यावर टाका. गाडी विकताना लागतात, आणि नवा डबा भंगारातूनही स्वस्त मिळत नाही.

जाता जाता टर्बोवाल्यांसाठी. पोलो टीएसआयसारख्या गाडीत हवा टर्बोत दाबली जाताना भरपूर तापते आणि मग इंटरकूलरमध्ये गार होते, त्यामुळे फिल्टरपाशी वाचवलेले पाच अंश शेवटी फारसे पोहोचत नाहीत. तिथे अडथळा कमी करण्याला थोडा जास्त अर्थ आहे, तोही रीमॅप केलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदललेल्या, गाडीत. आणि नळीतला सुटा कण टर्बोच्या चाकाला लागला की हिशेबच संपला, म्हणून तिथे हाताने केलेली नळी मी सुचवत नाही. डिझेलवाल्यांनी तर हा विषय सोडून द्यावा. डिझेल इंजिनाला साध्या चालीत गरजेपेक्षा जास्त हवा आधीच मिळत असते.

आता तुमच्या गाडीपुरतं बोलतो. या महिन्यात ओबीडीचं यंत्र आणि लेव्हलची नळी घ्या, दोन्ही आकडे लिहून ठेवा. कंपनीचा नवा कागदी फिल्टर टाका, प्लग किती चाललेत बघा, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, टायरमधली हवा तपासा. हे सगळं तीन-चार हजारांत होतं आणि २०१६ च्या गाडीत याचाच फरक पायाला जाणवतो. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर मूळ डब्यातला सुती फिल्टर घ्या. आवाज हवाच असेल तर चांगला कोन विकत आणि आडोशाचा डबा वागळेत, सोंड मूळ. हे सगळं दहा-बारा हजारांत बसायला हरकत नाही. बावीस हजारांचं किट तुमच्या गाडीला मी लावणार नाही.

जे काही बसवाल, त्यानंतर आठवडाभराने ओबीडीवर लाँग टर्म फ्यूल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल सरासरी किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. बसवण्याआधी तो जिथे होता तिथून पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. दहाच्या वर गेला, किंवा पी०१७१ हा 'मिश्रणात पेट्रोल कमी' सांगणारा कोड आला, तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. बहुतेक वेळा ती होजच्या क्लॅम्पपाशीच सापडते. आणि पाचेकशे किलोमीटर झाले की फिल्टरच्या पुढची होज काढून आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर नुसता तेलाचा पुसट डाग आला तर चालेल, तो ब्रीदरचा. बोटांना करकर लागली, तर फिल्टर त्याच दिवशी बदला.